तीनतालाच्या १६ मात्रा एका ओळीत कशा बसवायच्या?

गोवंडीत आमच्या शेजारच्या ताईने परीक्षेसाठी बंदिशीचं नोटेशन वर्डमध्ये, स्पेसबार दाबून दाबून जुळवलं. मोबाइलवर फाइल उघडली तर सम भलत्याच स्वराखाली!

भातखंडे लिपीत स्वराखालीच तालाची खूण असते, समेला × आणि खालीला ०. फोनमध्ये फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते आणि स्पेसने जुळवलेली उभी रांग मोडते.

म्यूझस्कोरसारखं फुकट सॉफ्टवेअर कुठला स्वर कितव्या मात्रेला, एवढंच लक्षात ठेवतं. कागदावरची मांडणी त्यावरून करतं. तीनतालासाठी ४/४ निवडा, म्हणजे एक विभाग एका खणात. मग फॉरमॅट मेनूतून दर ४ खणांनंतर ओळ तोडा. झालं, एका ओळीत एक आवर्तन. पेज सेटिंगमध्ये स्टाफ स्पेस वाढवली की सगळं त्याच प्रमाणात मोठं होतं. फार वाढवलंत तर ४ खण मावणार नाहीत, तेव्हा पान आडवं करा.

एक कटकट आहेच. हे सॉफ्टवेअर मुळात पाश्चात्त्य स्वरलिपीचं, त्यामुळे सारेगम खाली लिरिक्स म्हणून टाइप करावी लागते. कोमलची आडवी रेघ (ग॒) आणि तीव्रची उभी (म॑) युनिकोडच्या देवनागरीत मिळतात. ती चिन्हं खरं तर वेदपाठाची! तार सप्तकाच्या बिंदूसाठी अनुस्वार चालतो: सां.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मात्र पीडीएफच पाठवा.