परिपूर्णतेचा अट्टाहास: उपचाराची सुरुवात शरीरापासून

११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमधील दहा मीटर एअर रायफल प्रकाराच्या अंतिम फेरीत एकच नेम शिल्लक होता. चंदीगडचे अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हाकिनेन यांचे गुण समान होते. हाकिनेन यांना ९.७ गुण मिळाले, बिंद्रा यांनी १०.८ गुण मिळवले आणि ऑलिंपिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक निश्चित झाले.

या खेळातील लक्ष्याचा मध्यबिंदू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यामुळे नेमबाजाला अचूकतेचा ध्यास असावा लागतो. मात्र हा ध्यास मर्यादेपलीकडे गेला की त्याचाच काच होतो. बिंद्रा यांनी आपल्या आत्मचरित्राच्या उपशीर्षकातच स्वतःच्या वाटचालीला झपाटलेपणाचा प्रवास म्हटले आहे. सुवर्णपदकानंतर मनात दाटून आलेल्या रितेपणाविषयीही ते जाहीरपणे बोलले आहेत. शिखर गाठूनही समाधान लाभू नये, हे या स्वभावाचे एक लक्षण मानले जाते.

अट्टाहास म्हणजे नेमके काय?

उत्तम काम करण्याची इच्छा आणि परिपूर्णतेचा अट्टाहास या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत चूक ही कामातील त्रुटी असते. दुसरीत ती स्वतःच्या लायकीवरचा ठपका ठरते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये या प्रवृत्तीचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा आणि समाज आपल्याकडून तशी अपेक्षा करतो ही भावना. यांतील तिसरा प्रकार सर्वांत क्लेशकारक मानला जातो. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील नोंदी तपासल्या असता हाच प्रकार सर्वाधिक वाढल्याचे दिसून आले. चिंता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्याशीही या प्रवृत्तीचा संबंध आढळला आहे. स्पर्धा परीक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या संदर्भात ही बाब दुर्लक्षण्याजोगी नाही.

शरीर आधी बोलते

चुकण्याची भीती केवळ विचारात राहत नाही. पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, छातीत धडधडणे हे आपल्या भाषेतील वाक्प्रचार याची साक्ष देतात. धोक्याची चाहूल लागताच स्वायत्त मज्जासंस्था हृदयाची गती वाढवते, श्वास उथळ होतो, जबडा आणि खांदे आवळले जातात. वाघासमोर उपयोगी पडणारी ही सज्जता उत्तरपत्रिकेसमोर किंवा वरिष्ठांच्या दालनात मात्र अडथळा ठरते. पुढे ती अंगवळणी पडते आणि शरीर आवळलेले आहे याचे भानही उरत नाही. 'एखादी चूक झाली तरी चालेल', अशी समजूत कितीही घातली तरी ताठरलेले शरीर ती मान्य करीत नाही. शरीरकेंद्री उपचारपद्धतींची सुरुवात नेमकी येथून होते.

अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायूंच्या क्रमवार शिथिलीकरणाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. तीत एकेक स्नायुगट काही क्षण आवळून सैल सोडायचा असतो. त्यामुळे ताण आणि सैलपणा यांतील फरक शरीराला ओळखू येऊ लागतो. दुसरे साधन श्वासाचे आहे. मिनिटाला सुमारे सहा श्वास, या संथ लयीत हृदयगती आणि श्वास यांचा मेळ अधिक चांगला बसतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात जपमाळेवरील प्रार्थना आणि योगमंत्र यांच्या उच्चारणाने श्वासाला हीच लय मिळाल्याचे दिसले होते. बायोफीडबॅक या तंत्रात नाडी, स्नायूंचा ताण किंवा मेंदूतील विद्युतलहरी पडद्यावर दाखवल्या जातात. आपल्या शरीरातील बदल डोळ्यांसमोर दिसत असल्याने ते आटोक्यात आणण्याचा सराव करता येतो.

अथेन्स ते बीजिंग

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बिंद्रा पात्रता फेरीत तिसरे होते, परंतु अंतिम फेरीत ते सातव्या स्थानी घसरले. त्यांच्या पायाखालची फरशी सैल असल्याचे नंतर समोर आले. सर्व काही निर्दोष ठेवण्याच्या प्रयत्नाला असेही तडे जातात. पुढील तयारीत दक्षिण आफ्रिकेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ टिमथी हार्कनेस यांच्यासोबत बायोफीडबॅकच्या साहाय्याने त्यांनी सराव केला. बीजिंगपूर्वी जर्मनीत सुमारे चाळीस फूट उंच खांबावर चढण्याचा सरावही त्यांनी केला. मध्यावर भीती दाटून आली तरी ते चढत राहिले. भीती नाहीशी होण्याची वाट न पाहता ती अंगात असतानाच पुढचे पाऊल टाकण्याचा तो धडा होता. बीजिंगच्या अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणीत त्यांचा एक नेम थेट चार गुणांवर गेला. रायफलचा नेमदर्शक बिघडलेला होता. तो दुरुस्त करून ते फेरीला सामोरे गेले आणि जिंकले.

महाराष्ट्रातही अशा सरावाची परंपरा आहे. नाशिकचे भीष्मराज बाम (निधन २०१७) हे पोलीस सेवेतून क्रीडामानसशास्त्राकडे वळले. योगाभ्यासाच्या आधारे मन एकाग्र करण्याची पद्धत त्यांनी अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांना शिकवली.

घरी काय करता येईल?

प्रारंभी दिवसातून दोनतीनदा जबडा, खांदे आणि मुठी यांच्याकडे लक्ष द्यावे. आवळलेला भाग आणखी किंचित आवळून सोडून द्यावा. पाच मिनिटे संथ श्वास घ्यावा. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांबवावा. त्यानंतर जाणूनबुजून एखादे निरुपद्रवी काम अपुरे सोडावे: पत्र तिसऱ्यांदा न वाचता पाठवावे, किंवा चादरीची घडी वाकडी राहू द्यावी. त्या वेळी अंगात उठणारी अस्वस्थतेची लाट कोठे जाणवते ते पाहावे आणि ती ओसरू द्यावी. चूक सोसता येते, हा अनुभव शरीराला अशा सरावातूनच मिळतो.

सावधगिरीही हवी. परिपूर्णतेच्या अट्टाहासासाठी सर्वाधिक तपासलेला उपचार विचार आणि वर्तन यांवर काम करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती हाच आहे. शरीरकेंद्री पद्धतींची जागा त्याच्या जोडीला आहे. ज्यांना तीव्र भीतीचे झटके येतात किंवा ज्यांनी मोठा आघात सोसला आहे, त्यांची अस्वस्थता शरीराकडे लक्ष दिल्याने वाढू शकते. त्यांनी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच हा सराव करावा. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत १९६३ पासून मनोविकार विभाग आहे. आपल्याकडील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही असे विभाग आहेत. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. जगणे नकोसे वाटत असल्यास विलंब न लावता संपर्क साधावा.

आणखी एक सापळा टाळायला हवा. अट्टाहासी स्वभावाची माणसे शिथिल होण्याचीही परीक्षा घेतात: श्वास बरोबर मोजला का, मन पुरेसे शांत झाले का? सरावात एखादा दिवस चुकला, लय बिघडली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. हा सराव निर्दोष होण्याची गरज नाही.