शंभरात ऐंशी पाणी

गोठ्यात नेपियर गवताचा हिरवागार ढीग रोज पडतो, तरी म्हशीचं दूध तसूभर वाढत नाही. दूधवाल्या शेजाऱ्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली, की चाऱ्याचं वाण निवडतात तरी कसं, हे पाहायला राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात गेले.

दव ओसरल्यावर कापणी सुरू झाली. कडेच्या ओळी सोडल्या. तिथल्या ठोंबांना ऊन-वारा जास्त, त्यांचं वजन फसवं. मधलं गवत कापून काट्यावर तोललं. आकडा डोळ्यांत भरणारा होता. मी तो टिपून घेताना कापणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हे कुठं खरं वजन, ताई? शंभरात ऐंशी पाणीच की!"

खरं वजन निघतं त्यांच्याच हातून. 500 ग्रॅमचा नमुना पुढ्यात घेऊन त्या पान वेगळं, कांडं वेगळं करत बसल्या. नेपियरच्या पानाची कड करवतीसारखी. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचे हात ओरखडलेले. तरी एखादं पातं कांड्यांत पडलं, की हात थांबे आणि ते पातं उचललं जाई. प्रथिनं पानात जास्त. जाड कांडं गव्हाणीत तसंच उरतं. मला तर ही निवडानिवड काट्यावरच्या आकड्याहून मोलाची वाटली. पुढं नमुना ओव्हनमध्ये, वजन उतरायचं थांबेपर्यंत. दार उघडलं की वाळल्या गवताचा गोडसर वास. मग नत्र मोजून 6.25 ने गुणलं की प्रथिनं कळतात. ऑक्झॅलेटही तपासतात, कारण ते चाऱ्यातलं कॅल्शियम जनावराच्या अंगी लागू देत नाही.

एका कापणीवर निकाल लागत नाही. पावसाळ्यात पहिलं आलेलं वाण थंडीत मागं पडू शकतं, कारण गारठ्यात या गवतांची वाढ आखडते. म्हणून प्रत्येक कापणी, तीही वर्षानुवर्षं, तोलायची. हा सावकाशपणा गरजेचाच आहे. चाऱ्याची ही वाणं बहुधा बाजरी आणि नेपियरच्या संकरातली. बाजरीची गुणसूत्रं 14, नेपियरची 28, दोघांच्या संकराची 21. या विषम संख्येच्या जोड्या जुळत नाहीत, म्हणून संकराला बी धरत नाही, लागवड कांडीनंच. निवड चुकली तर तीच चूक कांडी-कांडीनं गावोगावच्या बांधावर पोचते.

कांडी विकणारे मात्र हिरव्या टनांचीच जाहिरात करतात. शंभरात ऐंशी पाणी, हे कुणी सांगत नाही. तेव्हा फुले जयवंत असो की दुसरं कुठलं वाण, कांडी घेण्याआधी एवढं विचारा: वाळलेलं वजन किती, पान किती, आणि थंडीतल्या कापणीला किती उतरलं?