प्रत्येकी पंधरा मिनिटं

2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरमध्ये 8,09,378 माणसं मोजली गेली. त्यांत बायका 3,80,118. यांतल्या प्रत्येकीला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. कोर्ट फी, कागदपत्रं तयार करण्याचा खर्च, निकालाची नक्कल, सगळं त्यात आलं. उत्पन्नाची अट नाही. दाव्यात तथ्य हवं, एवढंच. मीरा रोडच्या टॉवरमधली बँक मॅनेजर आणि तिच्याकडे धुणीभांडी करायला येणारी बाई, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 पुढे दोघी सारख्याच.

आता समजा, हे प्रत्येकीला नीट समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागतात. रोज आठ तास आणि वर्षाचे 300 दिवस, असा एकच माणूस टेबल मांडून बसला तर त्याला साडेएकोणचाळीस वर्षांहून जास्त लागतील. कायदा अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 ला. त्या दिवशी सकाळी त्याने पहिलीला बोलावलं असतं, तर शेवटचीची पाळी 2035 च्या मध्याला आली असती. तेही शहर वाढायचं थांबलं असतं तर! 1991 साली इथली लोकसंख्या 1,75,605 होती. वीस वर्षांत ती साडेचारपटीहून जास्त झाली.

आणि ही झाली फक्त बायकांची रांग. त्याच कलमात मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, अपंग आहेत, कारखान्यातले कामगार आहेत, मानवी व्यापाराचे बळी आहेत, कोठडीतला प्रत्येक जण आहे. म्हणजे काशिमिरा-चेणेच्या पाड्यांवरचे आदिवासी आले, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत राबणारे आले. उरलेल्यांत महाराष्ट्रात ज्यांचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत, तेही आले. देशभरात साधारण 80 टक्के लोक या ना त्या वाटेने पात्र ठरतात असा अंदाज आहे. मग कोण नाही, हे मोजणंच सोपं.

पैशाचं बघू. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या 2019 च्या अहवालात मोफत विधी सेवेवरचा देशाचा दरडोई खर्च वर्षाला 75 पैसे होता. 2025 च्या अहवालात तो 6 रुपये 46 पैसे झाला. साडेआठपट वाढ म्हणजे टाळ्या वाजवायला हव्यात. पण याच दराने 2011 च्या मीरा-भाईंदरच्या वाट्याला वर्षाला सव्वाबावन्न लाख येतात. एवढ्या पैशांत मीरा रोडला धड एक घर घेणंही अवघड, आणि इथे आठ लाख माणसांचा हक्क सांभाळायचाय.

गंमत म्हणजे माणसांचा हिशेब मांडला की चित्र पालटतं. त्याच अहवालानुसार लाख लोकसंख्येमागे विधी स्वयंसेवक, म्हणजे लोकांना असे हक्क समजावून सांगणारे, जेमतेम तीन. या शहरापुरते धरा चोवीस. एका टेबलाऐवजी चोवीस टेबलं लागली, तर चाळीस वर्षांचं काम वीस महिन्यांत उरकतं! काम अशक्य नाही, टेबलं कमी आहेत. 2019 ते 2024 या काळात देशातले असे स्वयंसेवक 38 टक्क्यांनी का घटले, हे मात्र मला कळत नाही. सगळ्यात स्वस्त तेच होते.

कोणी सांगितलंच नाही तर काय होतं? 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. अख्ख्या मीरा-भाईंदरच्या निम्म्याहून जास्त. या सगळ्यांना मोफत वकिलाचा हक्क आहे. तो मागितला नाही म्हणून नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सुक दास खटल्यात सांगितलं. ज्याला हक्कच माहीत नाही, तो मागणार कसा?

त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट मुंबईची आहे. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा बायकांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. 15 फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्या. भगवतींनी महाराष्ट्राला बजावलं: अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवा. अटकेतल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा, प्रत्येक कोठडीत लावा आणि या तिन्हींपैकी त्याला समजेल त्या भाषेत वाचूनही दाखवा. पंधरा मुलाखतींतून सगळ्या राज्याच्या कोठड्यांना लागू होणारा नियम निघाला.

2025 च्या मार्चमध्ये मीरा-भाईंदरला स्वतःचं दिवाणी आणि फौजदारी न्यायालय मिळालं. तोवर ठाण्याला खेटे घालावे लागत, आणि इथून ठाण्याला थेट लोकलही नाही. मोफत मदतीसाठी देशभर 15100 हा क्रमांक आहे. पण हे सांगायचं कोणत्या भाषेत? 1983 चा आदेश तीन भाषांवर थांबला होता. भाईंदर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी जरा थांबलं तर गुजराती, मारवाडी आणि भोजपुरीही कानावर पडतात.