खारा वारा, सिमेंट आणि कोळशाची राख

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा तट पाहिला तर मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले दिसतात. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. आपली घरे आणि शाळा मात्र अशा बांधता येत नाहीत. तेथे सिमेंट-वाळूचा मसाला लागतोच. मग मुरुड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर गिलाव्याचे पापुद्रे का सुटतात?

सिमेंटची पाण्याशी क्रिया झाली की दोन मुख्य पदार्थ तयार होतात. एक, कॅल्शियम सिलिकेटचा चिकट पदार्थ. मसाल्याची ताकद त्याचीच. दुसरा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना. तो पाण्यात थोडा विरघळतो आणि क्षारांशी सहज क्रिया करतो. मसाल्यातला कच्चा दुवा तोच.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांतील सल्फेट चुन्याशी व सिमेंटमधील ॲल्युमिनेटशी क्रिया करून फुगणारे स्फटिक बनवते. मॅग्नेशियम कॅल्शियमची जागा घेते आणि मसाला मऊ पडतो. क्लोराइड आत झिरपून सळई गंजवते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचे काँक्रीट फुटते. खाऱ्या वाऱ्याने आलेले मीठही छिद्रांत सुकून गिलावा उकलते.

औष्णिक वीज केंद्रांत दगडी कोळसा जळाल्यावर धुरातून पकडलेली बारीक राख म्हणजे फ्लाय ॲश. तिच्यातील काचेसारखे सिलिका चुन्याशी संयोग पावून पुन्हा तोच चिकट पदार्थ बनवते. कच्चा दुवा कमी होतो, छिद्रे बारीक होतात, पाणी आत शिरायला वाट उरत नाही. ही युक्ती जुनीच आहे: रोमन लोक नेपल्सजवळच्या पोत्सुओली येथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून बंदरे बांधत. आपल्याकडच्या पोझोलाना सिमेंटमध्ये अशी राख 15 ते 35 टक्के असते.

पण ही क्रिया संथ असते. भिंतीवर लवकर पाणी मारणे थांबवले तर राख नुसती भर म्हणून पडून राहते. म्हणून अशा कामाला निदान 10 दिवस ओलावा हवा. किनाऱ्यावरची न धुतलेली वाळू वापरली तर मीठ आपणच आत घालतो. तेथे राखेचाही इलाज चालत नाही. आणि आम्लापासून राख फारसे संरक्षण देत नाही.

शाळेत हे पडताळून पाहता येईल. एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांच्या वड्या पाडा. निम्म्या वड्यांत सिमेंटचा 30 टक्के भाग काढून राख घाला. मसाला कालवताना हातमोजे घाला. वड्या 28 दिवस साध्या पाण्यात ठेवा. मग दोन्ही प्रकारच्या काही वड्या पाण्यातच राहू द्या, बाकीच्या लिटरला 50 ग्रॅम सोडियम सल्फेटच्या द्रावणात ठेवा. दर महिन्याला वजन, लांबी आणि कडांवरच्या भेगा नोंदवा. फरक दिसायला अनेक महिने लागतील. वर्गाने वर्षभर सांभाळावी अशीच ही नोंदवही आहे.