स्वर, देह आणि करार : शांता आपटे यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकाचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या आणि चित्रसंस्थांच्या नावांनी सांगितला जातो, तर चित्रपटसंगीताचा इतिहास संगीतकारांच्या आणि पार्श्वगायकांच्या नावांनी. या दोन मांडण्यांच्या मधल्या फटीत ‘गाणारी नटी’ हरवून जाते. स्वतः भूमिका करणारी आणि त्या भूमिकेची गाणी स्वतःच्याच गळ्याने म्हणणारी अभिनेत्री असा तिचा अर्थ असून, या वर्गाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून शांता आपटे (१९१६–१९६४) यांच्याकडे पाहावे लागते. त्यांच्या कारकिर्दीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, पडद्यावरचे गाणे हे कथा थांबवून सादर करायचे पद न राहता पात्राची कृती झाले. आणि दुसरी म्हणजे, ज्या स्त्रीने स्वर व अभिनय असे दुहेरी श्रम एकटीने पुरवले, तिने त्या श्रमांचा हिशेबही उघडपणे मागितला.

घडण

शांता आपटे यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी या रेल्वे स्थानकाच्या गावी झाला. वडील स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शांताबाईंचे शिक्षण झाले, आणि पुढे थोरले बंधू बाबुराव आपटे यांच्या कडक देखरेखीखाली त्यांची व्यावसायिक वाटचाल सुरू झाली. ब्राह्मण कुटुंबातील मुलीने पडद्यावर गावे ही त्या काळी सहज मान्य होणारी गोष्ट नव्हती. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांसारखे पुरुष नट स्त्रीभूमिका करत होते आणि जाहीर गायन हा मुख्यतः कलावंतिणींच्या घराण्यांचा व्यवसाय मानला जात होता, त्यामुळे ‘घरंदाज’ मुलीसाठी सिनेमाची वाट अवघडच होती. १९३२ साली भालजी पेंढारकर यांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडक यांच्या कृष्णासमोर त्यांनी राधेची भूमिका केली. हा बोलपट मुंबईत २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला, आणि प्रभात फिल्म कंपनीचे दार त्यांना उघडले.

प्रभातची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली होती आणि १९३३ मध्ये संस्था पुण्याला आली. पुण्याच्या नव्या स्टुडिओतील ‘अमृतमंथन’ (१९३४) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात शांता आपटे दुय्यम भूमिकेत होत्या, तरी त्यांची गाणी घरोघर पोहोचली. संगीत केशवराव भोळे यांचे होते. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात पदांची संख्या व लांबी आवरून प्रसंगाच्या भावाशी जुळणारे गाणे देण्याचा जो प्रयोग झाला, त्याचे संगीतकार भोळेच होते. रागविस्तारापेक्षा शब्दाला आणि प्रसंगाला महत्त्व देण्याची ही दृष्टी त्यांनी प्रभातमध्ये आणली आणि शांताबाईंच्या रूपाने तिला योग्य गळा मिळाला.

गळा आणि मायक्रोफोन

आरंभीच्या बोलपटात गाणे आणि चित्र एकाच वेळी मुद्रित होत असे. वाद्यवृंद चौकटीबाहेर दडवलेला, मायक्रोफोन नटीच्या जवळ लपवलेला किंवा वर टांगलेला, आणि गाताना चूक झाली तर सगळाच शॉट पुन्हा घ्यायचा, अशी पद्धत होती. आवाज आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी त्यावर केवळ ओठ हलवायचे, हे पार्श्वगायनाचे तंत्र १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ व त्याच्या ‘धूपछाँव’ या हिंदी आवृत्तीत वापरले. ते सर्वत्र रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. मायक्रोफोनच्या कक्षेबाहेर जायची सोय नसल्याने बहुतेक गायक-नट एका जागी उभे राहून संथ लयीत गात. शांता आपटे यांनी त्याच मर्यादेत डोळे, मान आणि हात यांना गाण्यात सामील करून घेतले, लय वाढवली आणि ओळ म्हणताना ती बोलण्याच्या ओघात म्हटली. समीक्षकांनी त्यांच्या उत्स्फूर्त, चपळ गायनशैलीची दखल घेतली ती याच कारणाने.

ही शैली नवी ठरली ती बैठकीच्या आणि संगीत नाटकाच्या श्रोत्यांना. लोकपरंपरेला मात्र ती अनोळखी नव्हती. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, मावची आणि कोकणी समाजांत होळीपासून लग्नापर्यंतच्या गाण्यांत नाच व गाणे वेगळे काढता येत नाहीत. ढोलाच्या ठेक्यावर पाय चालत असतानाच ओळ उचलली जाते. म्हणजे स्वर आणि देह यांची फारकत ही नागर, बसून ऐकण्याच्या संस्कृतीची सवय आहे, गाण्याचा स्वभाव नव्हे. शांताबाईंनी पडद्यावर जे केले त्याला केवळ पाश्चात्त्य चित्रपटांचे अनुकरण म्हणणारी टीका म्हणूनच अपुरी वाटते. लोकपरंपरेत सर्वत्र असलेली गोष्ट त्यांनी मध्यमवर्गीय नायिकेच्या अंगी आणली.

‘कुंकू’

या साऱ्याची परिणती १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये झाली. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. फसवणुकीने वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा हे लग्न मानायला नकार देते आणि नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. अतिप्रसंग करू पाहणाऱ्या, वयाने तिच्याहून मोठ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते. केशवराव दाते यांनी उभे केलेले काकासाहेब खलनायक नाहीत. घरातल्या जुन्या घड्याळाच्या टोल्यांमधून आपले वय ऐकणारा तो माणूस अखेरीस स्वतःचा अपराध ओळखतो.

या चित्रपटात प्रचलित अर्थाचे पार्श्वसंगीत, म्हणजे प्रसंगामागे वाजणारा अदृश्य वाद्यवृंद, वापरलेला नाही. ऐकू येणारे ध्वनी घरातल्या, रस्त्यावरच्या वस्तूंमधूनच येतात. अशा चौकटीत गाणे आणायचे तर त्याला कथेत कारण हवे. ग्रामोफोनसारख्या घरगुती वस्तूची साथ घेऊन नीरा गाते तेव्हा त्या घरात तिला बोलायला दुसरी जागा नाही, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही शांताबाईंनी याच भूमिकेत स्वतः गायली. जगण्याच्या रणांगणात मुकाट गुरासारखे हाकले जाऊ नये, असे बजावणारी ही कविता नीरेच्या मुखी येते तेव्हा तिचा निश्चयच बोलतो. छडी उगारणारा हात आणि ओळ उचलणारा गळा एकाच स्त्रीचे असल्याची ही खात्री हे ‘कुंकू’चे खरे बळ आहे. आवाज दुसऱ्या कोणाचा असता तर गाणी कदाचित अधिक सुरेल झाली असती, पण नीरेचा नकार पातळ झाला असता.

श्रमांचा हिशेब

‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) या चित्रपटांनी शांता आपटे यांना अखिल भारतीय कीर्ती दिली. त्या काळी कलावंत हे मासिक पगारावर करारबद्ध असलेले संस्थेचे नोकर असत. संस्था शिस्तीची होती, पण कोणत्या चित्रपटात काम करायचे आणि किती काळ थांबायचे हे कलावंताच्या हाती नसे. १९३९ साली करारावरून वाद पेटला आणि शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. उपोषण हे राजकीय चळवळीचे हत्यार एका नटीने कारखानदाराविरुद्ध वापरावे याची वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सिनेमात येऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसमोर या धंद्याची बाजू मांडताना त्यांनी भांडवल आणि कलावंत यांच्यातील विषम नाते तपासले. नटीने आठवणी लिहिणे पुढे रूढ झाले. हे पुस्तक मात्र कलावंताकडे कामगार म्हणून पाहते, आणि मराठीतल्या अशा लेखनात ते फार आधीचे आहे.

प्रभातनंतर

प्रभात सुटल्यावर त्यांचे कार्यक्षेत्र विस्तारले. वाय. व्ही. राव यांच्या तमिळ ‘सावित्री’साठी (१९४१) त्या तमिळ शिकल्या, त्यात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची होती. लाहोरच्या पांचोली स्टुडिओच्या ‘जमीनदार’मध्ये (१९४२) त्यांना गुलाम हैदर यांचे संगीत लाभले. पुण्याच्या गायिकेने मद्रास व लाहोर या दोन टोकांच्या संगीतपरंपरांत काम करावे, हे फाळणीपूर्व चित्रसृष्टीच्या मोकळ्या व्यवहाराचे लक्षण होते.

मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’मध्ये (१९४६) वसंत देसाई यांच्या संगीतात शांता आपटे आणि तरुण लता मंगेशकर यांचे युगुलगीत आहे. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत पार्श्वगायन हीच रीत झाली आणि निर्मात्याला एकाच स्त्रीत गळा, चेहरा व अभिनय शोधण्याची गरज उरली नाही. आवाजाची गुणवत्ता त्यामुळे निःसंशय उंचावली, पण सौदा करताना दोन्ही कौशल्ये हाती असलेल्या नटीचे वजन घटले. ‘स्वयंसिद्धा’ (१९४९), ‘कुंकवाचा धनी’ (१९५१) अशा चित्रपटांतून त्या दिसत राहिल्या, तरी भूमिका हळूहळू दुय्यम होत गेल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शांता आपटे यांच्या उतरणीला केवळ वय वा स्वभाव कारण मानणे म्हणून अपुरे आहे. तंत्राने श्रमांची विभागणी केली, आणि त्या विभागणीत ज्यांचे सामर्थ्यच दोन्ही गोष्टी एकत्र असण्यात होते त्या गाणाऱ्या नट्या मागे पडल्या. चित्रपटसंगीताचा इतिहास पुढे लिहिला जाईल तेव्हा १९३५ हे पार्श्वगायनाच्या आरंभाचे वर्ष म्हणून नोंदवताना १९३९ चे उपोषण आणि १९४० चे पुस्तकही त्याच पानावर यायला हवे. कारण गाण्याचा मोबदला आणि गाण्याचे तंत्र हे एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत, हे त्या काळी सर्वांत स्पष्टपणे एका गाणाऱ्या नटीनेच दाखवून दिले होते.