शोधनिबंध आणि त्यामागचा केस पेपर

वार्षिक अहवालात हिशेबपत्रके आणि विभागवार कामगिरी यांच्या जोडीने रुग्णसेवेशी निगडित एखाद्या विषयाची माहिती सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत द्यावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदाचा विषय काहींना रुग्णालयापासून दूरचा वाटण्याची शक्यता आहे. वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध होणारे शोधनिबंध, त्यांत शिरणारे गैरप्रकार आणि ते उघडकीस आल्यावर करावयाची कार्यवाही, असा तो विषय आहे. डॉक्टरांनी कोठे काय लिहावे याच्याशी ट्रस्टचा संबंध काय, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली होती. पृच्छा रास्त आहे. तिचे उत्तर दोन ओळींत देण्यापेक्षा सविस्तर द्यावे, असे विश्वस्त मंडळाचे मत पडले.

अतिदक्षता विभागातील रुग्णाला कोणते सलाईन लावावे, कोणत्या औषधाची मात्रा किती असावी, हे डॉक्टर केवळ स्वतःच्या अनुभवावर ठरवीत नाहीत. जगभरच्या रुग्णालयांत झालेले अभ्यास नियतकालिकांत छापले जातात, अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचा गोषवारा काढला जातो आणि त्या गोषवाऱ्यावरून उपचारांचे दंडक ठरतात. छापण्यापूर्वी संपादक तो निबंध त्या विषयाच्या तज्ज्ञ समीक्षकांकडे पाठवितात, हे खरे. परंतु समीक्षकासमोर असतो तो लेखकाने पाठविलेला मजकूर आणि तक्ते. रुग्ण त्याला दिसत नाही, केस पेपरही दिसत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्यामुळे ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा आश्चर्य वाटले. आमच्याकडे हिशेब तपासनीस शंभर रुपयांच्या खर्चाचेही व्हाउचर मागतात. येथे मात्र माणसाच्या जिवाशी संबंधित आकडे बहुतांशी विश्वासावर स्वीकारले जातात. विज्ञानाचा व्यवहार याच विश्वासावर चालतो आणि बव्हंशी नीट चालतो. पण विश्वास मोडला तर त्याची किंमत लेखक भरीत नाही, रुग्ण भरतो.

याचे एक उदाहरण येथे विस्ताराने देत आहोत, कारण ते रुग्णालयांच्या दृष्टीने फार बोलके आहे. जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथील योआखिम बोल्ट हे भूलतज्ज्ञ स्टार्चयुक्त सलाईनचे मोठे अभ्यासक मानले जात. शस्त्रक्रियेत किंवा गंभीर आजारात रक्तदाब खाली आला की शिरेतून द्राव द्यावा लागतो. तो साधा मिठाचा असावा की स्टार्चचा, हा जुना वाद होता आणि बोल्ट यांचे अनेक निबंध स्टार्चच्या बाजूने जात. २००९ च्या अखेरीस ‘अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया’ या नियतकालिकात त्यांचा हृदयशस्त्रक्रियेसंबंधीचा निबंध आला. तो वाचून काही वाचकांनी संपादकांना कळविले की, यातील आकडे फारच नीटनेटके आहेत. खऱ्या रुग्णांच्या तपासण्यांत इतका सारखेपणा आढळत नाही. संपादक स्टीव्हन शेफर यांनी ही पत्रे बाजूला सारली नाहीत. चौकशीत त्या अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरीच नव्हती असे निष्पन्न झाले आणि २०१० मध्ये निबंध मागे घेण्यात आला. पुढे तेथील प्रादेशिक वैद्यक मंडळाने त्यांचे जुने काम तपासले आणि मार्च २०११ मध्ये सोळा नियतकालिकांच्या संपादकांनी संयुक्त निवेदन काढून, मंजुरीचा पुरावा नसलेले ८० हून अधिक निबंध मागे घेत असल्याचे जाहीर केले.

एवढ्यावर प्रकरण संपले असते तर ते केवळ एका माणसाच्या अधःपाताची कहाणी ठरले असते. परंतु २०१३ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात ३८ अभ्यासांचा एकत्रित गोषवारा प्रसिद्ध झाला. त्यांत बोल्ट यांचे सात अभ्यास होते. ते सात वगळून पुन्हा बेरीज मांडली असता, गंभीर आजारी रुग्णांत स्टार्चच्या सलाईनने मृत्यूचे आणि मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण वाढते, हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या द्रावांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले आणि २०२२ मध्ये युरोपीय महासंघात त्यांची विक्री-परवानगी स्थगित झाली. मधल्या काळात ते सलाईन कितीजणांना लागले असेल, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

येथे एक बाब प्रशासनाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. अभ्यास खरोखर झाला असेल तर त्याच्या खुणा रुग्णालयात अनेक ठिकाणी उमटतात. औषध भांडाराच्या रजिस्टरमध्ये, प्रयोगशाळेच्या नोंदीत, शस्त्रक्रियागृहाच्या वहीत, रुग्णाच्या सहीच्या कागदावर. संपादकाला यांपैकी काहीही पाहण्याचा अधिकार नसतो. तो शंका विचारू शकतो, उत्तर समाधानकारक नसेल तर लेखकाच्या संस्थेला पत्र लिहू शकतो, त्यापलीकडे त्याचे हात पोहोचत नाहीत. ब्रिटनमधील काही वैद्यकीय संपादकांनी १९९७ मध्ये ‘कोप’ ही प्रकाशन-नीतिविषयक समिती स्थापन केली, ती याच अडचणीतून. आज जगभरचे संपादक तिने आखून दिलेल्या क्रमाने चालतात: आधी लेखकाला विचारावे, त्याला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी द्यावी, आणि मग चौकशी संस्थेवर सोपवावी. याचा अर्थ असा की अखेरीस ते पत्र येते रुग्णालयाच्या कार्यालयात. ट्रस्टचा संबंध कोठे येतो, तो येथे.

चौकशीनंतर संपादकापुढे मार्ग तीन. चूक प्रामाणिक आणि किरकोळ असेल तर शुद्धिपत्र. चौकशी लांबत असेल तर वाचकांना सावध करणारे निवेदन. आणि निष्कर्षच विश्वासार्ह राहिले नसतील तर निबंध मागे घेणे. मागे घेतलेला निबंध पुसून टाकला जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. तो तसाच राहतो आणि त्यावर ‘मागे घेतला’ असा शिक्का बसतो. जमाखर्चाच्या वहीत चुकीची रक्कम खोडून काढायची नसते, उलट नोंद करून ती दुरुस्त करायची असते, रीत तीच. निबंध मागे घेतला म्हणजे लेखक लबाडच होता असेही नव्हे. स्वतःची चूक ध्यानात आल्यावर आपण होऊन निबंध मागे घेणारे संशोधक आहेत आणि त्यांचा आदरच केला पाहिजे.

ही कार्यवाही किती वेगाने होते, याला फार महत्त्व आहे. गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’ने फेब्रुवारी १९९८ मध्ये छापला. अभ्यासात मुले होती अवघी बारा. लस-उत्पादकांविरुद्धच्या दाव्याच्या वकिलामार्फत लेखकांना पैसा मिळत होता, ही गोष्ट २००४ मध्ये एका पत्रकाराने उजेडात आणली. त्याच वर्षी तेरापैकी दहा लेखकांनी त्या अन्वयार्थापासून स्वतःला बाजूला केले. तरीही संपूर्ण निबंध मागे घेतला गेला तो २ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे बारा वर्षांनी. दरम्यान ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले आणि गोवर परतला. याउलट मे २०२० मध्ये, कोविडच्या ऐन साथीत, ६७१ रुग्णालयांतील ९६,००० रुग्णांच्या माहितीवर आधारलेला म्हणून सांगितला गेलेला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्यामुळे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जागतिक चाचणी काही दिवस थांबविण्यात आली. मूळ माहिती दाखवा, अशी मागणी होताच ती पुरविणारी कंपनी मागे सरली आणि तेरा दिवसांत निबंध मागे घेतला गेला. तेरा दिवस हे वेगाचे लक्षण खरे, पण मूळ माहिती आपण पाहिलेली नाही हे सहलेखकांना छापण्यापूर्वीच का जाणवू नये, असा प्रश्न आमच्यासारख्या तिऱ्हाइताला पडल्याशिवाय राहत नाही.

अशी मोठी प्रकरणे क्वचित घडतात. रोजच्या व्यवहारातले दोष लहान असतात आणि म्हणूनच अंगवळणी पडतात. विभागप्रमुखांचे नाव मान म्हणून घालणे हा त्यांतला सर्वांत रुळलेला. लग्नपत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावे घालतात ते ठीक. शोधनिबंधावरील नाव ही जबाबदारीची सही आहे. आंतरराष्ट्रीय संपादक समितीच्या दंडकानुसार ज्याने कामात भरीव वाटा उचलला, मजकूर लिहिला वा तपासला, अंतिम प्रत मान्य केली आणि जो त्यातील प्रत्येक विधानाबद्दल उत्तर देण्यास बांधील आहे, तोच लेखक. या चारही अटी एकाच व्यक्तीने पूर्ण करावयाच्या असतात.

एकच अभ्यास दोन ठिकाणी छापणे हाही वरवर निरुपद्रवी वाटणारा प्रकार. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर दिल्या जाणाऱ्या ऑन्डॅनसेट्रॉन या औषधाचे अभ्यास १९९७ मध्ये काही संशोधकांनी बारकाईने तपासले, तेव्हा तेच रुग्ण वेगवेगळ्या निबंधांत पुन्हा पुन्हा मोजले गेल्याचे आढळले. त्यामुळे औषधाचा गुण २३ टक्क्यांनी जास्त भासत होता. एकच पावती दोनदा जमा धरली तर शिल्लक फुगलेली दिसते, तसेच हे.

आणि आता पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांविषयी. नेमणूक आणि बढती यांसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हापासून हा बाजार फोफावला. नाव भारदस्त, संपादक मंडळ कागदावरचे, समीक्षा नावापुरती आणि चार दिवसांत स्वीकृतीचे पत्र. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासणी केली, तेव्हा विद्यापीठांनी शिफारस केलेल्या, तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी केवळ ११२ निकषांना उतरली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नावे वगळली. आमच्या तरुण डॉक्टरांनाही अशी आमंत्रणे जवळजवळ रोज येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मोजमाप जर संख्येचे असेल तर माणूस संख्या पुरविणारच. म्हणून आपल्या रुग्णालयात वेतनवाढीच्या आणि बढतीच्या विचारात निबंधांची संख्या धरू नये, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे. छपाईचे शुल्क ट्रस्टच्या निधीतून द्यावयाचे झाल्यास वैद्यकीय संचालक आणि ग्रंथपाल या दोघांनी त्या नियतकालिकाची खातरजमा केल्याशिवाय लेखा विभाग धनादेश काढीत नाही. देणगीचा पैसा रुग्णासाठी दिलेला असतो, याचे भान आम्हांस आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांशी थेट निगडित असलेली बाब शेवटी घेतली आहे, याचे कारण तीवर थोडे थांबून बोलावयाचे आहे. एखादा दुर्मिळ आजार वा वेगळी शस्त्रक्रिया झाली की डॉक्टर त्या रुग्णाची हकीकत लिहितात, कधी छायाचित्र देतात. त्यातून अन्य रुग्णांचे भले होते. मात्र उपचारासाठी दिलेली संमती ही छपाईसाठीची संमती नव्हे. पूर्वी डोळ्यांवर काळी पट्टी छापली की ओळख लपली असे समजत. ती पुरेशी नाही, हे आता सर्वमान्य आहे. लहान गावात तर वय, व्यवसाय आणि आजार एवढे सांगितले तरी माणूस ओळखू येतो. नियतकालिके आज जगभर संगणकावर वाचली जातात आणि एकदा प्रसिद्ध झालेले छायाचित्र परत बोलावता येत नाही, हे सही घेणाऱ्याने रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

यासाठी आपल्या रुग्णालयात स्वतंत्र संमतीपत्र वापरले जाते. ते मराठीत आहे आणि भरती होताना ज्या कागदांवर सह्या घेतल्या जातात त्यांत ते ठेवलेले नसते. रुग्ण सावरल्यावरच ते पुढे केले जाते. सही करण्यापूर्वी लिहिलेला मजकूर वाचून दाखविण्याची मागणी रुग्णास वा नातेवाइकांस करता येते. नकार दिल्यास उपचारात, खाटेत किंवा बिलातील सवलतीत कोणताही फरक पडत नाही. दिलेली संमती निबंध प्रसिद्ध होईपर्यंत लेखी अर्ज देऊन परत घेता येते. अर्ज तळमजल्यावरील केस पेपर विभागात द्यावा आणि पोच घ्यावी.