आडावरची कप्पी

मुलांनो, तुम्ही कधी आडावर पाणी शेंदले आहे का? नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ गावांत आता नळ आणि विजेचे पंप आले आहेत. पण उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की जुन्या आडाची आठवण होतेच.

आडावरच्या दांडीला खाचेचे एक चाक टांगलेले असते. त्याला कप्पी म्हणतात. तुम्ही घरी चर्खी म्हणत असाल. समजा, पाण्यासह पोहऱ्याचे वजन १० किलो आहे. तो वर आणायला किती जोर लागेल? तेवढाच, १० किलोंचा. कप्पी कुरकुरत असेल तर थोडा जास्तच. मग कप्पीचा फायदा काय? ओढण्याची दिशा बदलते. आपण दोर खाली ओढतो आणि आपल्या शरीराचे वजन मदतीला येते.

ताणलेल्या दोरातील बलाला ताण म्हणतात. दोर हलका असेल आणि कप्पी सहज फिरत असेल, तर हा ताण दोन्ही बाजूंना सारखाच असतो. आता नीट विचार करा. एका बाजूने पोहरा कप्पीला १० किलोने खाली ओढतो, दुसऱ्या बाजूने तुम्हीही तेवढ्याच बलाने. मग दांडीवर भार किती? २० किलो! लहानपणी आमच्या मोहल्ल्यातील आडाची दांडी मोडली. पाणी ओढणारी बाई तोल जाऊन पडली, नशिबाने काठाच्या बाहेर. "पोहरा तर एवढासा!" असे जो तो म्हणत होता.

दूर उभे राहून दोर आडवा ओढला, तर भार सुमारे १४ किलो होतो, पण तिरपा पडतो. मोटेवर जवळजवळ असेच होई. बैल धावेवरून उतरत, तेव्हा चाकाचा आस खाली आणि बैलांकडेही ओढला जाई. म्हणून तेथील लाकडे जाड असत.

पोहरा पाण्यात हलका लागतो, कारण पाणी त्याला वर ढकलते. बाहेर येताच तो जड होतो. त्या वेळी हिसका देऊ नका. हिसक्याने ताण वजनापेक्षाही वाढतो आणि जुना दोर तुटतो.

२०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी आडाचे पाणी खोल जाते आणि दोर लांब सोडावा लागतो. त्या दोरालाही वजन असते, भिजला की आणखी जास्त. लोंबणारा ओला दोर ३ किलोंचा असेल, तर वरच्या टोकाला ताण १३ किलो होतो आणि त्याच जुन्या दांडीवर भार येतो २६ किलोंचा.